नाक न वाहणारी मुलं

नव्या बाईंनी प्रशिक्षणाचे व्हिडिओ इतक्या वेळा पाहिले होते, की त्यातल्या मॅडमचं खोकणंसुद्धा त्यांना पाठ झालं असतं. पण त्या मॅडम कधी खोकतच नसत. त्या वर्गात येत, गोड हसत, उजवा तळहात वर करत आणि सगळा वर्ग चिडीचूप. याला म्हणे ‘शांततेचा हात’ म्हणतात. एकदा सासूबाईंनी जेवता जेवता स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, “ही मुलं कुठल्या दुकानातून आणली गं? एकाचंही नाक वाहत नाहीये.”

बाईंना हसू आलं नाही. त्यांची नोकरी अजून कच्ची होती. कोणीतरी वर्ग बघायला येणार, त्यांनी होकार दिला तरच दुसरीचा हा वर्ग बाईंकडे राहणार. आणि नोकरीचं एक वेळ सोडा, बाईंचा त्या कार्ट्यांवर जीव जडला होता.

शांततेचा हात त्यांनी पहिल्याच दिवशी करून पाहिला होता. वर्गाने तो क्षणभर निरखला. मग मागच्या बाकावरून भोंगा उठला (हे नाव आवाजावरून पडलेलं), धावत आला आणि त्याने बाईंच्या तळहातावर सणसणीत टाळी दिली. मग काय, रांगच लागली. तेव्हापासून हात वर झाला की टाळी द्यायला धावायचं, अशी या वर्गाची रीतच पडली.

आणि वर्ग बघायला आल्या कोण? खुद्द व्हिडिओतल्या मॅडम! मॅडम गुडघे दुमडून कशाबशा शेवटच्या बाकावर बसल्या. बाईंनी हसत, हळू आवाजात, अगदी व्हिडिओबरहुकूम वजाबाकी सुरू केली. जरा वेळ सगळं कसं सुरळीत चाललं.

मग पुढच्या बाकावरची चिमणी किंचाळली, “बाई, माझा दात पडला!”

वर्ग उसळला. “बघू, बघू!” “रक्त आलं का गं?” “माझापण हलतोय!” कंपासपेट्या धडाधड खाली. मॅडमना राहवलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळहात वर केला.

“मॅडम, नको!” बाई ओरडल्या. उशीर झाला होता. चिमणीला सोडून अख्खा वर्ग मॅडमवर तुटून पडला आणि टाळ्यांच्या धुमश्चक्रीत मॅडमचा चष्मा नाकावरून घसरला.

बाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं. एकदा पाणी सोडलं की माणूस मोकळा होतो. त्यांनी चिमणीला चूळ भरायला लावली, दात कागदात गुंडाळून तिच्या मुठीत दिला आणि फळा पुसून टाकला.

“चला, आ करा! शेजाऱ्याचे दात मोजा. लहानांचे वीस असतात, मोठ्यांचे बत्तीस. किती गेले ते सांगा.”

“बाई, याचे बावीस आहेत!”

नव्या दाढा! बाईंच्या हे लक्षातच आलं नव्हतं. अर्ध्या वर्गात वजाबाकीची बेरीज झाली.

“बाई, हा माझं बोट चावला!”

“म्हणजे तिथे दात आहे. धर हिशेबात!”

भोंगा थेट मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. “आ करा.” मॅडमनी इकडे तिकडे पाहिलं आणि खरंच आ केला. भोंगा बोटांवर मोजत बराच वेळ पुटपुटला आणि गरजला, “सत्तावीस! मॅडमचे पाच गेले!”

उत्तर बरोबर होतं. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

घंटा झाल्यावर त्या बाईंच्या कानाशी आल्या. “तो हात आहे ना, सकाळपासून शूटिंग चाललं होतं त्याचं. पोरं भुकेने गळाली, तेव्हा कुठे गप्प बसली.”

बाईंना पुढचं विचारायचा धीर होईना. तो शेजारीच कान टवकारून उभ्या असलेल्या भोंग्याला झाला. “मॅडम, तुम्ही आमच्या बाईंना नेणार?”

“कुठे रे?”

“व्हिडिओत.”

“छे! तिथे यांचं काय काम? या इथेच राहणार.”

“बाई राहणाऽऽर!” भोंग्याने अख्ख्या शाळेला ऐकवलं. शेजारच्या वर्गातले गुरुजी दचकून दारात आले. आणि बाईंनी त्याला पहिल्यांदाच गप्प बस म्हटलं नाही.