धुराड्याला पडलेलं भोक

निवृत्त सुभेदार मानसिंग यांनी पलटणीत असताना एवढी इन्स्पेक्शनं झेलली होती, की त्यांना माणसांपेक्षा इन्स्पेक्शनचा स्वभाव जास्त कळायचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. साहेब येतो तो काही शोधायला येत नाही. काही सापडू नये अशी त्याचीही मनातून इच्छाच असते. आपण त्याला थोडी मदत करायची. मदत म्हणजे चुना आणि गेरू.

म्हणून लेकीच्या कारखान्यात इन्स्पेक्शन आहे हे कानावर पडताच ते साताऱ्याहून पहिल्या एसटीनं पलूसला हजर झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "लढाईला काय आवतण येतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी पत्र्याची ट्रंक लेकीच्या, म्हणजे प्रांजलच्या, स्कुटीवर आडवी टाकली.

लेकीचा कारखाना म्हणजे लेकीच्या मालकीचा नव्हे. मालक हंबीरराव. साखर कारखान्यातलं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, आणि आसपासच्या गोठ्यांतलं शेण मोठमोठ्या टाक्यांत कुजवायचं, निघालेला गॅस धुऊन त्याचा सडक्या अंड्याचा वास घालवायचा, मग तो दाबून नळकांड्यांत भरायचा आणि गाड्यांना विकायचा, असा सगळा प्रकार. टाक्या भरल्या होत्या, गॅस निघत होता, पण विकता येत नव्हता. प्रदूषण मंडळाची चालू करायची संमती अजून यायची होती. तोवर चाचणीतला गॅस एका उंच नळाच्या टोकाला पेटवून द्यावा लागे. हंबीरराव रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्या ज्वाळेकडं बघत बसत. लोकांना वाटायचं, मालक ध्यानाला लागलेत.

त्यांनी प्रांजलला सरळ सांगितलं होतं. "पोरी, परवाना आणलास तर हापिसातली ती खुर्ची तुझी. न्हाई आणलास तर पुण्याची कंपनी बघंल सगळं. मग तू आपली साताऱ्याला जा आन् स्पर्धा परीक्षा दे."

साताऱ्याला परत जाऊन स्पर्धा परीक्षा देणं म्हणजे काय, हे प्रांजलला चांगलं ठाऊक होतं. तिच्या गल्लीत ती परीक्षा देता देता दोघांना टक्कल पडलं होतं.

आता परवाना कशावर अडला होता, तर एका भोकावर. कारखान्यात गॅसवर चालणारं जनित्र होतं, त्याला धुराडं होतं. त्या धुराच्या तपासणीसाठी मंडळाची माणसं शिडीनं वर चढणार, जाळीच्या ओट्यावर उभी राहणार, धुराड्याला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून आत नळी घालणार आणि धुराचा नमुना घेणार. भोक नाही तर नमुना नाही, नमुना नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर संमती नाही. ते भोक बरोबर उंचीवर, बरोबर मापाचं पाडून घ्यायला प्रांजलनं ठेकेदाराशी एवढी भांडणं केली होती, की ठेकेदार तिला 'भोकवाल्या मॅडम' म्हणायचा. पाहणीच्या आदल्या दुपारी तिनं जनित्र बंद केलं आणि भोकाचं झाकणही काढून ठेवलं. सकाळी बोल्ट अडकून फजिती नको.

मग कागदपत्रं आणायला ती सांगलीला निघाली. मुक्काम तिच्या माधवनगरच्या खोलीवर. निघताना तिनं हात जोडले.

"आबा, तुमी फक्त बसायचं. कशाला हात लावायचा न्हाई."

"न्हाई लावत," सुभेदार म्हणाले.

आणि त्यांनी शब्द पाळला. हात लावला नाही. ब्रश लावला.

सकाळी प्रांजल फाटकातून आत शिरली आणि स्कुटीवरचा पाय खाली टेकवायलाच विसरली. स्कुटी सावकाश कलली, ती पण कलली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडांची रांग लागली होती. एक पांढरा, एक लाल, एक पांढरा, एक लाल. काल तिथं दगड नव्हते. कडुनिंबाला कमरेपर्यंत गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. त्या कडुनिंबाखाली साळूबाईची म्हैस उभी होती. साळूबाई शेण घालायला यायची तेव्हा म्हैसही सोबत आणायची. म्हशीची शिंगं लालभडक झाली होती.

"साळूमावशी, हे काय? बेंदूर तर लांब हाय की!"

"मी तरी काय करू?" साळूबाई म्हणाली. "सुभेदार म्हणलं, म्हस लाईनीत हुबी हाय, मंग लाईनीसारखी दिसाय पायजे."

पुढं वाळूच्या बादल्या लाल. नळाच्या तोट्या लाल. टाकीवरचा दाब दाखवणारा काटा जिच्या आत फिरतो, ती काचसुद्धा चंदेरी. आत दाब किती आहे हे आता देवालाच ठाऊक. प्रांजलच्या तोंडात माशी गेली असती तरी तिला कळलं नसतं. मग तिची नजर धुराड्याकडं गेली.

धुराडं चंदेरी झालं होतं. नव्या नवरीच्या पैंजणासारखं. खालपासून वरपर्यंत गुळगुळीत. गुळगुळीत म्हणजे अगदी गुळगुळीत.

"आबा!"

सुभेदार कडक इस्त्रीच्या पँटीत पुढं आले. शेजारी आकाराम वेल्डर. एरवी तो उसाच्या ट्रॉल्या जोडायचा, आज त्याच्या चेहऱ्यावर मंदिराचा कळस बसवल्याचं समाधान होतं.

"आबा, इथलं भोक कुठं गेलं?"

सुभेदारांनी आवाज खाली आणला. "काय बोलू नको. ठेकेदारानं तुला फसवलं हुतं. धुराड्याला भोक पडल्यालं, हाताचा पंजा जाईल एवढं! साहेबानं बघितलं आसतं तर तुझी नोकरीच गेली आसती. म्या काल आकारामला धरून आणला आन् बुजवून टाकलं. कुणाला सांगू नको."

"ग्राइंडर मारून दिलाय ताई," आकाराम म्हणाला. "वरनं बोट फिरवा. भोक हुतं म्हणून शपथ घेटली तरी कुणी इस्वास ठेवायचं न्हाई."

प्रांजल काही बोलणार, तेवढ्यात फाटकात जीप वाजली.

मंडळाच्या अधिकाऱ्यांचं नाव लालासाहेब होतं. त्यामुळे त्यांना हाक मारताना पुढं आणखी एक साहेब लावायचा की नाही, असा पेच सगळ्यांनाच पडे. सुभेदारांनी मधला मार्ग काढला. बूट आपटून सलाम ठोकला. लालासाहेब दचकले, त्यांचाही हात अर्ध्यापर्यंत वर गेला, मग त्यांनी तो केसांतून फिरवला. दगडांची रांग, कडुनिंब, म्हैस हे सगळं त्यांनी पाहून घेतलं. म्हशीपाशी जरा थांबले. मग नमुना घेणाऱ्या दोघांना खाली उभं करून स्वतः शिडी चढले.

ते वर बराच वेळ धुराड्याभोवती फिरत होते. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. खाली आले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे चंदेरी झाले होते.

"मॅडम, नमुना घ्यायची जागा?"

प्रांजलनं तोंड उघडलं. ठेकेदाराचं नाव घ्यायचा मोह तिला झाला, पण सुभेदार एक पाऊल पुढं आले.

"हिथं भोक हुतं साहेब. बुजवलं. कामात कसूर न्हाई."

लालासाहेबांनी आपले चंदेरी तळवे बघितले. "लोकांनी माझ्यापासून धूर लपवलेला मी बघितलाय," ते म्हणाले. "भोक लपवलेलं पहिल्यांदाच बघतोय."

"त्यात काय, आता कापून देतो!" आकाराम उत्साहानं म्हणाला. "काल जोडलं, आज कापायचं. ठिणग्या लय उडत्यात तेवढं, जरा लांब हुबं ऱ्हावा."

"थांबा," प्रांजल म्हणाली. "काल ठिणग्या उडवल्या? इथं?"

"आवं लय! दिवाळीच. पार त्या टाकीपातुर गेल्या."

प्रांजलनं टाकीकडं पाहिलं. टाकीत गॅस होता. गॅसवर दाब होता. दाबाच्या काचेवर रंग होता. वारं काल पलीकडच्या अंगाला होतं, एवढंच काय ते पुण्य. नाहीतर आज लालासाहेबांना धुराडं शोधायला ऊस तुडवत फिरावं लागलं असतं. आणि आबांना कुठं शोधायचं? ती जवळच्या पांढऱ्या दगडावर मटकन बसली. दगड ओला होता.

लालासाहेबांनाही आता बसावंसं वाटत होतं, पण त्यांच्या वाट्याला लाल दगड आला.

"काय झालं?" सुभेदारांनी विचारलं.

"आबा," ती म्हणाली, "ठिणगी गॅसला लागली आसती तर तुमी, आकाराम, म्हस, काय उरलं नसतं. समदं उडालं आसतं."

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली. टाकीकडं पाहिलं, आकारामकडं पाहिलं, मग परत टाकीकडं.

"म्हंजी हे ॲम्युनिशन हाय?"

"व्हय आबा."

"मंग तसं सांगायचं की गं," ते हळू आवाजात म्हणाले. "तू कारखाना म्हणालीस."

एवढं बोलून ते कडुनिंबाकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ ताठच होती, पण टोपी परत डोक्यावर घालायची राहून गेली होती. पोरीनं वडलांचं डोकं असं उघडं कधी पाहिलं नव्हतं.

लालासाहेबांनी पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली. हंबीररावांना फोन गेला. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर एकच वाक्य बोलले. "पुण्यावाल्यांचा नंबर माझ्याकडं हाय."

गॅस उतरवून, टाकी मोकळी करून, आकारामकडून भोक पुन्हा पाडून घेतलं. प्रांजलनं फाटकावर आणि शिडीपाशी पाटी लावली: तिच्या सहीच्या लेखी परवान्याशिवाय कुणी आग पेटवायची नाही, कुणी वर चढायचं नाही. वर चढणाऱ्यानं टोपी आणि पट्टा घालायचा. सुभेदारांनी पाटी दोनदा वाचली, ट्रंकेतून जुनी शिट्टी काढली आणि शिडीखाली स्टूल टाकलं. आता त्यांना काय करायचं ते समजलं होतं.

त्या दिवसापासून फाटकात काड्याच्या पेट्या जमा होऊ लागल्या. ट्रकवाल्यांच्या विड्या गेल्या. मालकांचा लायटर गेला. "माझाच कारखाना हाय!" हंबीरराव म्हणाले. "म्हणूनच," सुभेदार म्हणाले. साळूबाईची तंबाखू मात्र परत मिळाली. ती पेटत नाही, हे तिनं आधी पटवून दिलं.

दुसऱ्या पाहणीच्या दिवशी प्रांजल सगळ्यात आधी धुराड्याकडं धावली. भोक होतं. दिवसाउजेडी, गोल, रिकामं, सुंदर. जगात एखाद्या भोकाकडं कुणी एवढ्या मायेनं पाहिलं नसेल. लालासाहेब आले, शिडीपाशी गेले, पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

शिट्टी वाजली.

"परवाना?" सुभेदार म्हणाले.

लालासाहेबांचा पाय हवेतच राहिला. "काय?"

"वर चडायचा परवाना. आन् टोपी. आन् पट्टा."

मागं हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. प्रांजलच्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. आठ महिने ज्या माणसाच्या सहीसाठी जीव टांगणीला लागला होता, त्याच माणसाला तिचा बाप मोडक्या स्टुलावरून उठून परवाना मागत होता.

"सुभेदार," लालासाहेब म्हणाले, "परवाना द्यायला मी आलोय की घ्यायला?"

"ते मॅडम ठरिवतील. माझी ड्यूटी इथवरच."

सगळ्यांनी मॅडमकडं पाहिलं. पाटी तिनंच लावली होती, खाली सही तिचीच होती. तिला वाटलं, आता स्पर्धा परीक्षेची पुस्तकं जुन्या बाजारातूनच घ्यावीत. तरी तिचा हात खिशात गेला. तिनं पेन काढलं, परवाना भरला, सही केली आणि लालासाहेबांच्या हातात दिला. लालासाहेबांनी तो शांतपणे वाचला. पिवळी टोपी घातली. पट्टा बांधला. सुभेदारांनी पट्टा ओढून पाहिला आणि बाजूला झाले.

नमुना घेतला गेला. जीपमध्ये बसताना लालासाहेबांनी आपली काड्याची पेटी फाटकातून परत मागून घेतली.

महिन्याभरानं संमती आली. हंबीररावांनी ज्वाळेसमोरची खुर्ची स्वतः उचलून प्रांजलच्या टेबलामागं ठेवली. तिनं सगळ्या अटी वाचल्या. नेहमीच्याच होत्या. शेवटची तिनं दोनदा वाचली. मग तिनं ती आबांना मोठ्यानं वाचून दाखवली: धुराड्यावरील नमुना घेण्याची जागा कोणत्याही कारणास्तव बंद करू नये, वेल्डिंग करू नये व रंगवू नये.

"ही समद्यांनाच आस्ती?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई आबा. ही फक्त आपल्याला हाय."

"म्हंजी शासनानं माझी दखल घेटली."

"व्हय."

सुभेदारांनी टोपी सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रांजल आली, तेव्हा धुराड्याच्या पायथ्याशी नवी पाटी उभी होती. लालावर पांढरी अक्षरं: भोक. बुजवू नये. हुकमावरून. पाटीवरचा रंग ओला होता. शेजारी डबा होता. डब्यात ब्रश होता. ब्रशावर चंदेरी रंग होता.

पाटीत चंदेरी काहीच नव्हतं. मग हा चंदेरी रंग कुठं लागला? प्रांजलनं मान वर केली. खालून काही दिसेना. तिनं धावत जाऊन शिडीवर पाय ठेवला.

मागं शिट्टी वाजली.

"परवाना?"

प्रांजलनं वर बघितलं, मागं बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या नावाचा परवाना भरायला बसली.