काशाची वाटी

त्या रविवारी अप्पा अंगणात बाजेवर बसले होते आणि मी त्यांना अहवाल वाचून दाखवत होते. आमचं गाव मुरुमपासून सहा किलोमीटरवर. गावाबाहेर पांढऱ्या मातीचं जुनं टेकाड आहे. बावीस वर्षांपूर्वी तिथं उत्खनन झालं, तेव्हा अप्पा मजुरांचे मुकादम होते. त्या कामाचा छापील अहवाल आता कुठं निघाला. मी सोलापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तिथं तो आला तशी मी झेरॉक्स काढून आणली. मजकूर इंग्रजी होता, मी मराठी करत करत वाचत होते.

"वाट्यांचं वाच," अप्पा म्हणाले. "भिंतीबिंती मला ठाव हायेत."

वाट्या सात होत्या. सहा दगडी, एक काशाची. दगडी वाट्यांवर लिहिणाऱ्यानं जीव लावला होता: काळसर मऊ दगड, आतून चाकावर फिरवून कोरलेला, एकीच्या काठाला पाकळ्या. अप्पा एकेकीला ओळखत होते.

"ही चौथ्या थरातली. हिला गोरोबाची कुदळ लागली. लिहिलंय का?"

"काठ किंचित फुटलेला, असं लिहिलंय."

"किंचित," अप्पा हसले. "गोरोबाला सांगाय पायजे. त्याची कुदळ छापून आली म्हणावं."

मग त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "आन काशाची?"

तिच्यावर पाच ओळी होत्या. मी तीन वाचल्या. रुंदी, उंची, कुठल्या खड्ड्यात सापडली.

"एवढंच?"

"एवढंच."

"दैवशालाला एकदा बोलवून घ्यावं म्हणतो," चष्मा परत लावत ते म्हणाले. "बाई हाताची चोख होती. म्या तिला एका दिवसात कामावरून काढली."

"चहा ठेवू, अप्पा?"

"ठेव. साखर घाल. तुझ्या अव्वाकडं बघू नगं." आईला आम्ही अव्वा म्हणतो; तिनं त्यांची साखर बंद केली होती.

सोमवारी मी सोलापूरला परतले. मंगळवारी सकाळी दाढी करता करता अप्पा आरशासमोर खाली बसले, ते उठले नाहीत.

आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. मी पोचले तेव्हा खड्डा खणून झाला होता. कडा तिरक्या होत्या, एक कोपरा ढासळत होता. अप्पांनी ओळंबा लावून कडा उभ्या तासून घेतल्या असत्या. महांतेश, माझा धाकटा भाऊ, शेजारी उभा होता. "तो कोपरा सरळ कर," मी त्याला म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग खोरं घेऊन खाली उतरला. अप्पांच्या कपाळाला विभूती लावली, हातात इष्टलिंग दिलं. बेल वाहिला. माती पडू लागली तरी माझ्या डोक्यात त्या न वाचलेल्या दोन ओळीच होत्या.

उत्खननाच्या वेळी मी अकरा वर्षांची होते. सापडलेल्या वस्तू शाळेच्या एका खोलीत ठेवत. त्या धुण्याचं काम दैवशालामावशीकडे होतं. मऊ ब्रश आणि साधं पाणी, दुसरं काही लावायचं नाही, हे अप्पा तिला रोज बजावत. त्या दिवशी कामावरचे मोठे सर येणार होते. आदल्या दिवसापासून अप्पांचं एकच चाललं होतं, सगळं नीट दिसलं पाहिजे. मी भाकरी घेऊन खोलीत गेले तेव्हा मावशी विहिरीवर पाणी आणायला गेली होती. टेबलावर वाटी होती, बाहेरून हिरवी, आत काळी खरवड धरलेली. घरी पाहुणे यायचे असले की अव्वा भांडी चिंचेनं आणि राखेनं घासून काढायची. चिंचेचं झाड शाळेच्या मागंच होतं.

मी वाटी घासली. आत तोंड दिसायला लागलं. मग ती होती तिथं ठेवून घरी पळाले, अप्पांना चकित करायचं म्हणून.

संध्याकाळी अप्पा जेवले नाहीत. "त्या काळ्या थरातूनच कळलं असतं, वाटीत काय ठेवत होते ते," असं ते अव्वाला सांगत होते. "हजार-दोन हजार वर्षं टिकलं, आन हिनं घटकाभरात चिंच लावून घालवलं. काढली तिला." मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले. उद्या सांगू, असं ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही समाधीवर दूध घालायला गेलो. भावकीतली माणसं होती, गोरोबाकाका होते, पारावरचे दोन म्हातारे होते. मागून दैवशालामावशी आली. ती आता बेंबळीला लेकीकडं असते. बातमी कळली तशी पहिल्या एसटीनं निघाली होती. ती माझ्या शेजारी मातीतच बसली.

"मुकादम लई खडूस माणूस," ती म्हणाली. "पण उन्हात कुणाला बसू दिलं न्हाय. आधी सावली कराय लावायचा, मग खोदकाम."

"एवढ्या लांब कशाला आलात, मावशी?"

"येऊ नगं व्हय? कामावरून काढलं, वळखीतनं थोडंच काढलं." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गावात अजून मला चिंचाबाई म्हणत्यात. आत्ता बी ते म्हातारं म्हणलं, चिंचाबाई, मुकादमाची वाटी घासाय आलीस का."

तो म्हातारा खाली बघायला लागला. कुणीतरी हसू दाबलं.

"म्या त्यास्नी लई सांगितलं, म्या न्हाय घासली. लेकीची शपथ घेतली." आता ती माझ्याशी बोलत नव्हती, समाधीकडे बघत होती. "पटलं न्हाय त्यास्नी. आता तर सांगाय बी कुणी राहिलं न्हाय."

महांतेश दुधाचा तांब्या घेऊन पुढं झाला.

"थांब जरा," मी म्हणाले.

पिशवीत झेरॉक्स होती. पान सापडायला वेळ लागला. मी उभी राहिले.

"अप्पा, रविवारी दोन ओळी राहिल्या." सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी वाचायला लागले. "'सापडल्यानंतर ही वाटी आंबट पदार्थानं घासली गेली. आतला थर नष्ट झाल्यानं तिचा उपयोग काय होता ते सांगता येत नाही.'"

मावशी खालून माझ्याकडे बघत होती. मी कागदाची घडी केली.

"दैवशालामावशीनं नाही घासली, अप्पा. मी घासली. तुम्हाला आवडंल म्हणून."