अपयशाचा अहवाल

कामगार खात्यातील समेट अधिकारी हिंमतराव यांनी एकतीस वर्षांच्या सेवेत एकदाही अपयशाचा अहवाल लिहिला नव्हता. मालक व कामगार यांच्यात तोडगा निघाला नाही, अशी सरकारी कबुली म्हणजे तो अहवाल. तो लिहिल्याखेरीज तंटा न्यायालयाची पायरी चढत नसे. पूर्वीचे अधिकारी सायकलवरून कारखान्याच्या फाटकापाशी जात आणि दोन्ही पक्षांना एकाच बाकावर बसवून भांडू देत. हिंमतराव त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तारखांवर तारखा देत. भांडण होत नसे. थकून कोणीतरी सही करी, आणि तो कोणीतरी बहुधा कामगारच असे.

खराडीच्या एका कंपनीत झाडलोट करणाऱ्या अकरा बायकांनी कायम नोकरी मागितली होती. या महिन्याच्या एकतीस तारखेला त्यांचा झाडलोटीचा ठेका संपणार होता आणि नव्या ठेक्यात त्यांची नावे नव्हती. त्याआधी प्रकरण न्यायालयात गेले, तरच काही आशा होती. हिंमतरावांची निवृत्तीही त्याच दिवशी होती.

"साहेब, ही चौदावी तारीख हाय," बायकांच्या पुढारी दुर्गाबाई म्हणाल्या. "न्हाई जमलं, असं लिवून द्या."

"घाई नको, बाई. पलीकडचे नरम आले आहेत."

"आठ म्हैनं नरमच येत्यात. मालक हाय का लोणी?"

बायका खुदकन हसल्या. हिंमतराव दुसऱ्या खोलीत गेले. कंपनीचे अधिकारी सलिल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "सर, पुढची डेट द्या ना. आमची काहीच घाई नाही."

कंपनीला फक्त एकतीस तारीख उलटायला हवी आहे, हे हिंमतरावांना उमगले. परंतु 'एकही अपयश नाही' हे शब्द निरोपाच्या मानपत्रावर छापून झाले होते. परत येऊन ते म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला शेवटची बैठक. माझ्यावर विश्वास ठेवा."

सरकारी माणसाने हात जोडले, म्हणून बायकांनी हजेरीपत्रकावर सह्या केल्या.

पाच तारखेला हिंमतराव निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी कचेरीत आले. जिन्यात दुर्गाबाई भेटल्या. त्यांना कामावरून काढून चार दिवस झाले होते.

"तुमच्या जागी आलेल्या नव्या नम्रता मॅडमनी लिवलं बगा, न्हाई जमलं म्हनून," त्या म्हणाल्या. "चार मिन्टं लागली."

हिंमतरावांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले.

"ऱ्हाऊ द्या साहेब," दुर्गाबाई पायऱ्या उतरत म्हणाल्या, "तुमी लई समजावलंत आमाला."