पोटाकडची बाजू

तिने सुई दगडाला टेकवली आणि मामाने तिचं मनगट धरलं.

"जगात हा एकच आहे. फुटला तर दुसरा कुठून आणशील?"

"म्हणून तर जपून करतेय. मामा, हात काढ."

नखाएवढा तो भुंगेरा कोट्यवधी वर्षं दगडात पालथा पडून होता. संग्रहालयाच्या याच खोलीत, त्याच्या पाठीवरच्या जाळीदार चौकटी पाहून मामाने त्याला भुंगेऱ्यांच्या सर्वांत जुन्या शाखेत बसवलं होतं, त्याच्यासाठी एक नवं कुळच मांडलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाची तेवढी आगाऊ निघाली, आणि तिला डोक्यावर मामानेच बसवलेलं. पाठीचं काय घेऊन बसलात, ती म्हणायची, पाठ कुणाचीही कुणासारखी दिसते, पोट दाखवा. पोट दगडात होतं, आणि त्या दगडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"माझं पुस्तक छापायला गेलंय," मामा म्हणाला. "ते येईपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"चुकीचं छापून आल्यावर खरं शोधू? मग त्याचं काय लोणचं घालायचं?"

मामाने हात काढला, पण खुर्ची ओढून तिथेच बसला. दुपारभर सुई दगड कुरतडत राहिली. भुंगेरा तडकला असता तर मामाने तिला माफ केलं नसतं, आणि तिनेही स्वतःला.

संध्याकाळी शेवटची खपली निघाली. मागच्या पायांचं बूड पोटाच्या पहिल्या वळ्यात घुसलं होतं. वळ्याचे सरळ दोन भाग झाले होते. ही खूण शिकारी भुंगेऱ्यांच्या शाखेची, दुसऱ्या कुणाची नाही. मामाने मांडलेलं कुळ उरलंच नव्हतं.

तिने भिंग त्याच्यापुढे सरकवलं. जिंकल्याचा आनंद काही होईना, उलट रडू येत होतं. पण तिने मान खाली घातली नाही.

मामा बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"मी हे लिहिणार," ती म्हणाली. "तू कितीही रागाव. 'काही अभ्यासकांचा समज होता' असं म्हणेन, तुझं नाव येऊ देणार नाही."

मामा ताडकन उठला.

"खबरदार! चूक माझी, ती त्या 'काही अभ्यासकां'ना कशाला वाटतेस? माझं नाव घाल. पहिल्याच वाक्यात."