वारं नव्हतं ते

“मामा, एकोणीस वर्षांच्या पोरीला वारं होतं का हो?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्यामुळे निघाला. मी शेवगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याची जुनी नोंदवही, कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. कोण कशानं आजारी, कोण कशानं गेलं, हे माझ्यात लिहितात आणि पुढे त्या रोगाचा ठरलेला आकडा टाकतात.

१९७० साली हे आकडे शिकवायला नगरहून केशरबाई आल्या होत्या. “माणूस सांगतो ते त्याचे शब्द असतात, रोग नसतो. उलटून विचारा, मग आकडा टाका,” असं त्या घसा बसेपर्यंत सांगत राहिल्या. सूर्यभान कारकुनानं मान डोलावली. मग डुलकीही घेतली. त्याचं अक्षर मात्र छापल्यासारखं. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पानं चाळून शाबासकी दिली. आकडे खरे की खोटे, कुणी बघितलं नाही. मीही फुगले होते, खोटं कशाला सांगू.

त्याच वर्षी रंभाजी आला. त्याची एकोणीस वर्षांची थोरली लेक मनकर्णा, बाळंतपणाला माहेरी आलेली, गेली होती. खाली मान घालून एवढंच बोलला, “अंगावरून गेलं तिच्या.” आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणजे पक्षाघात. आणि बाईच्या अंगावरून नुसतंच ‘गेलं’ म्हणजे रक्त. बापाच्या तोंडून तो शब्द निघेना. सूर्यभाननं विचारलं नाही. पक्षाघाताचा आकडा टाकला आणि खाली सरळ रेघ मारली.

अशा आणखी चार बाया माझ्यात आहेत. म्हणून बाळंतपणात दगावलेल्यांच्या रकान्यात शून्य. दवाखान्यानं बाळंतपणासाठी नर्स मागितली, तर जिल्ह्याहून उत्तर आलं, मृत्यू नाहीत, गरज नाही. ते शून्य किती सुबक काढलंय, बघायला या.

त्याला चार वर्षं झाली. यंदा माझ्या जुन्या पानांचा गोषवारा उतरवायला शाळेतल्या चांगल्या अक्षराच्या तीन मुली बसवल्या. त्यातली एक भागिरथी, मनकर्णाची धाकटी बहीण. आक्काचं नाव नेमकं तिच्याच पुढ्यात आलं. मैत्रिणींनी तिला कोपरानं ढोसलं. “इचार की मामाला. न्हाई इचारलंस तर तू खरीच भागूबाई.”

तिनं विचारलं. सूर्यभानमामानं टाक खाली ठेवला.

“तुझ्या बापानंच तसं सांगितलं हुतं. आता घरचं मानूस येऊन सांगंल, तरच आकडा बदलंल.”

त्याच दुपारी रंभाजी आणि चांगुणा सुनेला तपासायला घेऊन आले. सुनेला आठवा लागला होता. ओसरीवर भागिरथीनं आईबापांना सगळं सांगितलं.

“तसलं चारचौघांत बोलू न्हाई,” चांगुणा पुटपुटली. रंभाजी पाण्याचा तांब्या भरायला निघाला.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, माझी धूळही झटकू नका. माझ्यात लिहिण्याआधी एकदा विचारा, एवढं पुरे.

भागिरथी उठली. “आई, बा, तुमी वहिनीपाशी बसा. मी आत चालले. आक्का बाळंतपणात रक्त जाऊन मेली, असं मी सांगनार अन् खाली माझी सही करनार. मग वहीत असंच वारं लिवलेल्या बाकी चौघींच्या घरी इचारायला जानार.”