वाम वाळूत असते

शनिवारची अर्धी शाळा आटपून दक्षा गंजाड गावातल्या घरी आली आणि पडवीतच थबकली. तिच्या काचेच्या टाकीत सकाळी चार बोटं बारीक वाळू होती. आता तिथे निळे-गुलाबी काचेचे खडे चमचमत होते आणि वर दोन गुबगुबीत गोल्डफिश तोंडं उघडत-मिटत फिरत होते.

"कशी झकास दिसते ना?" नविनकाका कंबरेवर हात ठेवून उभा होता. "खास डहाणूवरून आणले."

"माझी वाम कुठाय?"

"कसली वाम? टाकीत काय पण नव्हतं. नुसती वाळू. मेली असेल कधीच, तुला कळलंच नाय."

दक्षाच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. वाम दिवसभर वाळूत घुसून बसते, फक्त नाकाचं टोक बाहेर ठेवते, हे या माणसाला तिने दहा वेळा तरी सांगितलं असेल! पावसाळ्यात तानीआतेबरोबर ओहोळात तीन वामा मिळाल्या होत्या. दोन मोठ्या कालवणात गेल्या. करंगळीएवढी तिसरी दक्षाने हट्टाने मागून घेतली, कारण दोन फुटी टाकीत मोठी मावली नसती, आणि हिच्या नाकाला कुठे साधं खरचटलेलंही नव्हतं. अंग सोलवटू नये म्हणून वाळूत एक खडा राहू दिला नव्हता. वाम कुठल्याही फटीतून निसटते, म्हणून झाकणातलं वायरीचं भोकसुद्धा स्पंजने बुजवलं होतं. सगळ्या फटी बुजवल्या आणि काका उघडा राहिला!

"वाळू कुठे टाकलीस?"

"झिपरूदादाला दिली, मागच्या भिंतीच्या प्लास्टरला. आत्ताच. अगं, तासाभरात उधव्याची मुलीकडची माणसं मला बघायला येतात. त्यांना काय वाळू दाखवू?"

"तू आहेस ना दाखवायला! तेवढं पुरे नाही का?"

दप्तर तिथेच आपटून ती मागे धावली. झिपरू गवंडी सिमेंटच्या पिशवीचं तोंड उघडत होता.

"थांब! झिपरूदादा, सिमेंट टाकू नको!"

"का गं, सोनं पडलं काय त्यात?"

"मासा आहे!"

"वाळूत मासा? मग पाण्यात काय, बटाटे?" झिपरू खो खो हसला, पण पिशवी त्याने बाजूला सारली.

दक्षा गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ढीग उपसू लागली. आतून आई ओरडली, "दक्षे, युनिफॉर्म! पाहुणे यायचेत, आणि हिचं काय चाललंय बघा!" मागच्या वर्षीची दक्षा हे ऐकून मुकाट उठली असती. या वर्षीच्या दक्षाने मान वळवूनही पाहिलं नाही. वरची वाळू कोरडी पडत चालली होती. खाली, अगदी तळाशी, ओल होती. तिने तिथे बोटं खुपसली.

"आई गं! टोचली! टोचली!"

वामेच्या पाठीवरचा काटा तिच्या बोटात घुसला होता. वाळूने माखलेली, जेमतेम वळवळणारी वाम तिने ओंजळीत उचलली, विहिरीच्या पाण्याच्या बादलीत सोडली आणि श्वास रोखून बघत राहिली. वाम कुशीवर पडली. मग गालफडं हलली. मग ती सरळ झाली आणि बादलीच्या तळाशी नाक खुपसायला जागा शोधू लागली.

"सापडली ना? झालं तर मग," काका म्हणाला.

"काय झालं? आणखी दोन मिनिटांनी ती सिमेंटमध्ये गेली असती. तुझ्या सासऱ्याने ज्या भिंतीला पाठ टेकली असती ना, त्या भिंतीत! चल, गोल्डफिश हंड्यात काढ. खडे काढ. ही वाळू धू."

"आत्ता? अगं, मला दाढी करायचीय!"

"वाळू तू फेकलीस. तूच धुवायची."

"धू बाबा, धू," झिपरू म्हणाला. "नाहीतर ही पोरगी तुलाच चाळणीतून काढेल."

जीप घरामागे येऊन थांबली तेव्हा नविनकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. उधव्याची माणसं उतरली, एकमेकांकडे बघू लागली. काका ओशाळून उठायला लागला.

दक्षाने घमेल्यात वाकून पाहिलं.

"अजून गढूळ आहे. परत."