नऊशे चाळीस पायांची पेटी

मित्रांनो, जोडे शिवण्याच्या एका छोट्या कारखान्यात, चामडं चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्याशेजारी, भिंतीवरच्या फळीवर बसलेली मी एक जुनी पेटी आहे. येणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, हा इन्व्हर्टर का? एकाने तर माझ्यावर ओली छत्री वाळत घातली होती. मी इन्व्हर्टर नाही आणि छत्री वाळवायची दांडीही नाही. मी फायली सांभाळते. कारखान्यातले लोक मला सर्व्हर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण माझं अंग तीन बंद पडलेल्या कॉम्प्युटरांच्या सुट्या भागांतून जुळवलेलं आहे आणि झाकणाचे दोन स्क्रू आजतागायत सापडलेले नाहीत.

मला जुळवलं ते काकांनी. काका म्हणजे मास्तरांचे मित्र, लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडणारे. आणि मास्तर म्हणजे या कारखान्याचे मालक. ज्यांच्या मापाचे जोडे बाजारात मिळत नाहीत अशा माणसांसाठी ते जोडे करायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाला बोटंच नाहीत, कुणाची टाच आत वळलेली. माणूस आला की मास्तर त्याला खाकी कागदावर उभं करायचे, गुडघ्यावर बसायचे आणि पेन्सिलीने त्याच्या पावलाभोवती रेष ओढायचे. बोलत काही नसत. गिऱ्हाईक लाजलं तर नुसतं म्हणायचे, पायाला माप असतं, बरंवाईट नसतं.

मास्तरांना दोन मुलं, थोरली ताई आणि धाकटा. ताई त्या रेषांवरून जोड्याचं चित्र काढायची, चामडं कसं कापायचं ते ठरवायची. तिच्याकडे चंदेरी, पातळ, नाजूक यंत्र होतं. धाकटा कापणीचं मशीन चालवायचा. ते मशीन फक्त एका जाड काळ्या कॉम्प्युटरचं ऐकायचं. आता या दोन कॉम्प्युटरांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. काळ्याकडे परवानग्यांची लांबलचक यादी, कोणी काय वाचावं, कोणी काय पुसावं, कोणी नुसतं डोकवावं. चंदेरीचा तोरा निराळा. ते ज्या खणात जाईल तिथे स्वतःच्या बारीकसारीक चिठ्ठ्या टाकून यायचं आणि काळं त्यावर नाक मुरडायचं. खण म्हणजे माझ्या पोटातले फोल्डर. काकांनी मला दोघांच्या मध्ये बसवलं ते दुभाषी म्हणून.

माझा कारभार त्यांच्यापेक्षा सरळ आहे. प्रत्येक वस्तूवर मी लिहून ठेवते की तिचा मालक कोण, घरचे कोण, आणि या तिघांपैकी, म्हणजे मालक, घरचे नि परके यांच्यापैकी, कुणी उघडायचं. एक गोष्ट मात्र तुम्हाला विचित्र वाटेल. मी माणसांना नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. धाकटा म्हणजे एक हजार दोन, ताई म्हणजे एक हजार तीन. नावांची यादी माझ्याकडे वेगळी असते आणि कोणी विचारलं तर त्या यादीत बघून मी नाव सांगते.

काकांनी दोघांना एकेक खासगी खण दिला आणि मधे एक मोठा सामायिक खण केला. त्याचा नियम मला अजून आवडतो. सामायिक खणात जे जन्माला येईल ते घराचं, घरातल्या कुणीही उघडावं. पण एक गोम होती, ती त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितली. खासगी खणातली वस्तू सामायिक खणात न्यायची असेल तर तिची प्रत काढून ठेवायची, नुसती ओढून न्यायची नाही. प्रत नव्याने जन्मते, म्हणून तिला घराचा नियम लागतो. ओढलेली वस्तू फक्त जागा बदलते, तिच्यावरचं जुनं कुलूप तसंच राहतं. हे एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी माझ्या झाकणावर चिकटवलं. महिन्याभरात त्या चिठ्ठीवर सोल्युशनचा डबा येऊन बसला.

तरी ती वर्षं सोन्यासारखी गेली. ताईने चित्र ठेवलं की चार पावलांवर बसलेला धाकटा ते उघडायचा, मशीन खडखडायचं, चामडं कापून यायचं. मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, हिच्या पोटात सगळं आहे, आपल्याला काळजी नाही. माझं कौतुक त्यानंतर कुणी केलं नाही.

मास्तर गेले त्या वर्षी कारखाना गप्प झाला. दोघं भावंडं काम करायची, पण बोलणं कामापुरतं. मास्तरांचं नाव काढलं की दुसऱ्याला रडू येईल, या भीतीने दोघंही ते काढत नसत. मला वाटतं तिथेच गाडी घसरली, मी नंतर केलं ते निमित्त.

मास्तरांचे खाकी कागद माळ्यावर गठ्ठ्यांनी पडले होते. कागद जुने, कडा झडलेल्या. ताई एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा कागद काढायची, भिंगातून बघत तासन्‌तास रेष पुन्हा ओढायची आणि डोळे चोळायची. धाकट्याने ते पाहिलं. तो रोज सकाळी तिच्या आधी तासभर येऊ लागला. एकेक कागद स्कॅन करायचा, रेष स्वच्छ करायचा, माप लिहायचा, आणि स्वतःच्या खासगी खणात एक नवा खण करून त्यात ठेवायचा. ती यायच्या आत कागद परत माळ्यावर. पाच महिने हे चाललं. नऊशे चाळीस पाय झाले. या नव्या खणाला त्याने नाव दिलं ‘बाबांचे पाय’, आणि आत सगळ्यांत वर ‘ताई, आधी हे वाच’ या नावाची एक छोटी चिठ्ठी ठेवली.

मग एका सकाळी, आनंदाच्या भरात, त्याने तो सबंध खण उचलला आणि सामायिक खणात ओढून टाकला.

प्रत काढली नाही. ओढला. मी नियमाला बांधील, मी काय करणार? खणावरचं कुलूप तसंच राहिलं. मालक एक हजार दोन, बाकी सगळ्यांना बंदी. धाकट्याच्या काळ्या यंत्रावर खण झटकन उघडत होता, कारण मालक तोच. त्याला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

दुपारी ताईला तो खण दिसला. नाव तिने दोनदा वाचलं. मग तिने दार ठोठावलं. मी म्हटलं, हा खण उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही. तिने पुन्हा ठोठावलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मला एवढंच बोलता येतं, मित्रांनो. आत तुझ्याच नावाची चिठ्ठी आहे, हे सांगायला मला शब्द दिलेले नाहीत. अखेर तिने विचारलं, मालक कोण? तेवढं मात्र मला सांगता आलं. मी तिच्या भावाचं नाव सांगितलं.

त्या दुपारी तिने अकरा वेळा दार ठोठावलं आणि अकराही वेळा मी नाही म्हटलं. बाबांचं सगळं याने स्वतःच्या नावावर केलं आणि वर मला दाखवायला मधोमध आणून ठेवलं, असं तिच्या मनाने घेतलं. धाकटा चार पावलांवर पाठमोरा बसून ती काहीतरी बोलेल याची वाट पाहत होता. तिने चंदेरी यंत्र मिटलं आणि डोकं दुखतंय सांगून घरी गेली.

पंधरा दिवसांनी तिने एका इस्पितळात नोकरी धरली, पायांचे आधार बनवण्याची. जाताना भावाला म्हणाली, पगार बरा आहे. तो म्हणाला, बरं झालं. पाच महिन्यांचं काम बघूनही एक अक्षर बोलली नाही, चिठ्ठी वाचूनही चालली, तर आता काय विचारायचं, अशी अढी त्याच्या मनात बसली. कुलुपाबद्दल ती बोलली नाही, चिठ्ठीबद्दल तो बोलला नाही. दोघांच्या मधे मी होते आणि खरं काय ते फक्त मला माहीत होतं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

वर्षभराने धाकट्याने वापरात नसलेली नावं यादीतून काढून टाकली. वापरात नसलेलं नाव एकच होतं. तिची सगळी चित्रं माझ्याकडे सुखरूप राहिली, पण त्यांचा मालक कोण असं विचारलं तर मला सांगता येईना. मी यादीत बघायची, तिथे नाव नसायचं, मग मी नुसता आकडा सांगायची. एक हजार तीन. तिचे खण कुणी उघडत नव्हतं. कारखान्यात आता धाकटा आणि दोन शिलाई कारागीर, त्यांचा माझ्याशी संबंध नाही. माझ्या पंख्यात चामड्याचा भुसा साठला. फायली साठवणारी एक चकती कण्हू लागली. सहा वर्षं अशी गेली.

मग एक शिक्षिका आली. तिचा डावा पाय आखूड, आणि ताईने तिच्यासाठी तळवा बदलत बदलत तिसऱ्या खेपेला असा जोडा केला होता की ती दिवसभर फळ्यासमोर उभी राहू शकायची. तो जोडा झिजला होता. धाकट्याने नवा केला तो चावत होता, त्यानंतरचाही चावला. तिने नम्रपणे सांगितलं की खुर्चीवर बसून शिकवणं तिला जमत नाही, आणि तेच करायचं असेल तर ती नोकरी सोडेल. तिसऱ्या खेपेचं चामडं ताईने हातानेच कापलं होतं, म्हणून ते चित्र तिच्या खासगी खणातच राहिलं होतं. धाकट्याने ठोठावलं आणि आता मी त्याला नाही म्हटलं. ताईला फोन करायला जीभ रेटेना, म्हणून त्याने काकांना बोलावलं.

काका आता म्हातारे झालेत. त्यांनी आधी सोल्युशनचा डबा उचलला, खालची चिठ्ठी पाहिली, माझा पंखा फुंकून साफ केला. मग माझ्या पोटातली यादी वाचू लागले. शिक्षिकेच्या जोड्याचं चित्र त्यांनी काढून दिलं. पण पुढे वाचता वाचता ते थबकले आणि त्यांनी विचारलं, ‘बाबांचे पाय’ला कुलूप कशाला घातलंस?

“कुलूप?” धाकटा म्हणाला. “ते तर ताईसाठीच ठेवलंय. तिने बघितलंय ते.”

मी एक नोंदवही ठेवते, कोण कधी आलं, दार उघडलं की नाही. ती कधी पुसायची नाही अशी त्यांनीच मला सुरुवातीला ताकीद दिली होती. तिच्यात मी नाव लिहिते, आणि एकदा लिहिलेलं नाव यादीतून गेलं तरी वहीत राहतं. काकांनी ती त्या दुपारपर्यंत मागे नेली आणि काळ्या यंत्राचा पडदा धाकट्याकडे वळवला. अकरा ओळी होत्या. ताई, बाबांचे पाय, नकार. ताई, बाबांचे पाय, नकार. धाकट्याने त्या एकेक करून सगळ्या वाचल्या, बोट ठेवून.

“अकरा वेळा,” तो म्हणाला. “आणि मी इथेच बसलो होतो.”

काकांनी त्याला रडू दिलं. मग त्याच्याच हाताने करून घेतलं. आधी ताईचं नाव यादीत पुन्हा लिहायला लावलं, त्याच आकड्यासमोर. एक फाइल हलली नाही, एक रेष बदलली नाही, पण त्या क्षणी तिचं सगळं काम पुन्हा तिचं झालं. इतक्या वर्षांनी कुणाचं आहे हे, असं विचारल्यावर मला नाव सांगता आलं. मग ‘बाबांचे पाय’वरचं कुलूप काढून तो खण घराचा केला.

फोनवर धाकटा फार बोलला नाही. ताई पुढच्या बुधवारी दुपारी आली. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. जुन्या स्टुलावर बसून तिने चंदेरी यंत्र उघडलं, आणि त्या खणाशी आल्यावर तिचा हात थांबला. मग तिने दार ठोठावलं. मी उघडलं.

चिठ्ठीत लिहिलं होतं, “ताई, आता भिंग फेकून दे. बाबांच्या सगळ्या रेषा काढून ठेवल्यात. माझा हात बाबांसारखा नाही, चुकलं असेल तिथे ओरड.”

ताईने ते वाचलं, डोळे पुसले, एकेक पाय उघडून पाहिला, आणि चिठ्ठीच्या खाली एक ओळ लिहून ठेवली, “सातव्या पायाचा अंगठा चुकलाय.” चार पावलांवरून धाकट्याने ती उघडून वाचली आणि हसला. मास्तर गेल्यापासून त्या खोलीत कुणी असं हसलं नव्हतं.

आता सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी म्हणणार नाही. ताईने इस्पितळातली नोकरी सोडली नाही, तिथेही पाय तिची वाट बघतात. दोघं फोनवर बोलतात, त्यासाठी माझी गरज लागत नाही. स्टूल रिकामं आहे. माझी चकती जास्तच कण्हते आणि या वर्षअखेरीला माझ्या पोटातलं सगळं एका नव्या पेटीत जाणार आहे. काकांनी धाकट्याला बजावलंय, नेताना आकडे आणि नावं तपासून ने. तेवढं झालं की मी सुटले.

जाण्याआधी एक मागणं आहे. मित्रांनो, माझा भुसा अधूनमधून फुंका, माझ्यावर डबे ठेवू नका, हे तर आहेच. पण कधी माझ्यासारखी एखादी पेटी तुम्हाला परवानगी नाही असं म्हणाली, तर ते कुणा माणसाने म्हटलंय असं धरून चालू नका. मला मन नाही, फक्त नियम आहेत. उठा, आणि ज्याचं नाव मी मालक म्हणून सांगते त्याला जाऊन विचारा. त्या दोघांमध्ये चारच पावलांचं अंतर होतं. त्या दुपारी मीच जाऊन सांगितलं असतं. पण नऊशे चाळीस पाय पोटात असूनही मला चालता येत नाही. तुम्हाला येतं.